चाळीतले भाडे, जादा आकारणी आणि अपील: मुंबईतल्या भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या, खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला घरमालकाची नोटीस आली की पहिल्याच रात्री घरात दोन मते पडतात. एक जण म्हणतो, मागतोय तेवढे देऊन टाका, कोर्टकचेरी नको. दुसरा म्हणतो, आता एक पैसाही द्यायचा नाही, बघू काय करतो ते. दोन्ही वाटांनी गेलेली माणसे मी आमच्या चाळीच्या भाडेकरू समितीत काम करताना पाहिली. पहिल्या वाटेने गेलेल्यांचे पैसे गेले. दुसऱ्या वाटेने गेलेल्यांपैकी काहींची खोली गेली.

मी वकील नाही. लोक समितीकडे पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे लिहून ठेवले आहे. तुमच्या प्रकरणातली कागदपत्रे वकिलाला दाखवायला हवीतच, पण वकिलाकडे जाण्याआधी आपल्याला काय माहीत असावे, एवढे यातून कळावे ही इच्छा आहे.

आमच्या खोलीला नेमका कोणता कायदा लागतो? जुना भाडे कायदा रद्द झाला म्हणतात, ते खरे का?

जुना म्हणजे १९४७ चा मुंबई भाडे कायदा. तो गेला, पण भाडेकरूचे संरक्षण गेले नाही. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे.

१९४७ च्या कायद्याने बहुतेक जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले होते. पन्नास वर्षांनीही तेच. मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतक्या काळानंतर भाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी झाले आहे. नव्या कायद्यात दरवर्षी वाढ देण्याची तरतूद त्यानंतर आली. म्हणून ‘आमच्या आजोबांच्या वेळचे भाडे आहे, त्यात एक रुपयाही वाढवता येत नाही’ हे म्हणणे आज टिकत नाही. समितीत हे सांगितले की काही ज्येष्ठ मंडळी नाराज होतात, पण खोट्या भरवशावर कोर्टात उभे राहण्यापेक्षा ही नाराजी परवडली.

सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू होत नाही. त्यामुळे बीडीडी चाळीतल्या किंवा महापालिकेच्या चाळीतल्या रहिवाशाने इथली उत्तरे आपल्याला जशीच्या तशी लावू नयेत.

मग कायदेशीर भाडे किती, ते काढायचे कसे?

कायद्यात त्याला प्रमाण भाडे म्हणतात. कोर्टाच्या आवारात मात्र सगळे ‘स्टँडर्ड रेंट’च म्हणतात, वकील आणि शिरस्तेदारही. तुमच्या जागेचे प्रमाण भाडे जुन्या कायद्याखाली कोर्टाने आधीच ठरवले असेल, तर ती रक्कम अधिक ५ टक्के. ठरवलेले नसेल, तर १ ऑक्टोबर १९८७ रोजी जे भाडे चालू होते ते पाहायचे. जागा त्या दिवशी भाड्याने दिलेली नसेल, तर त्याआधी शेवटचे जे भाडे होते ते. जागा १ ऑक्टोबर १९८७ च्या आधीपासून भाड्याने दिलेली असेल, तर त्या भाड्यात ५ टक्के मिळवायचे. त्यावर ३१ मार्च २००० नंतर घरमालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ करता येते.

आता कागद आणि पेन्सिल घ्या. समजा ऑक्टोबर १९८७ मध्ये खोलीचे भाडे १२० रुपये होते. ५ टक्के धरून १२६ झाले. मार्च २००० ते मार्च २०२५ अशी पंचवीस वर्षे. दरवर्षी १२६ वरच ४ टक्के मोजले तर पंचवीस वर्षांत बरोबर दुप्पट, म्हणजे २५२ रुपये. वाढीवर वाढ चढवत गेलात तर सुमारे ३३६ रुपये. घरमालक नेहमी दुसरा हिशेब मांडतो. पण त्याचा हिशेब जसाच्या तसा मान्य केला, तरी १२० रुपयांच्या खोलीचे भाडे नुसत्या वार्षिक वाढीने ३३६ च्या पुढे जात नाही. पावतीवर ९०० रुपये असतील तर उरलेले ५६४ रुपये कशाचे, हा प्रश्न घरमालकाला लेखी विचारायचा. बहुतेक प्रकरणांत सगळा वाद या एका प्रश्नातच असतो.

हा हिशेब स्वतः करा. वकिलाने तुमच्यासाठी केला तरी तुम्ही वेगळा करून पाहा, कारण उलटतपासणीत उत्तरे तुम्हालाच द्यायची असतात.

पावतीत ‘इतर आकार’, ‘मेंटेनन्स’, ‘सर्व्हिस चार्ज’ असे लिहून पैसे घेतात. ते द्यावे लागतात का?

काही द्यावे लागतात, काही नाही. महापालिकेने करात किंवा इतर आकारांत वाढ केली असेल, तर कायद्याच्या चौकटीत ती वाढ घरमालक भाडेकरूंकडून घेऊ शकतो, पण वाढली तेवढीच. तुमची इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे दुरुस्ती मंडळाचा उपकर भरणारी असेल, तर त्या उपकराचा भाडेकरूंवर टाकलेला वाटाही घेता येतो. शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींचे बांधकामाच्या काळानुसार तीन गट आहेत: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’, तिथून डिसेंबर १९५० पर्यंतच्या ‘ब’ आणि पुढे सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’. गिरगाव, परळ, लालबाग, माझगावातल्या जुन्या चाळी बहुतेक ‘अ’ गटात मोडतात.

इमारतीत सुधारणा किंवा मोठे फेरफार केले म्हणून भाडे वाढवायचे असेल, तर त्यासाठी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागते. ‘सगळ्यांनी हो म्हटले होते’ हे तोंडी सांगणे पुरत नाही.

नुसता ‘सर्व्हिस चार्ज’ हा शब्द म्हणजे काहीच नाही. कसली सेवा, कोणते बिल, चाळीत किती खोल्या आणि माझ्या वाट्याला एवढीच रक्कम कशी, हे लेखी मागा. बिलाची प्रत दाखवली तर आपला वाटा द्या. दाखवत नसेल तर ती रक्कम हरकत नोंदवून द्या किंवा कोर्टापुढे न्या. मनातल्या मनात नाकारून गप्प बसू नका.

१९८७ सालची पावती आमच्याकडे नाही. पुरावा कुठून आणायचा?

त्या आधीच्या किंवा नंतरच्या जवळच्या काळातली एखादी पावती शोधा. शेजारच्या, तेवढ्याच आकाराच्या खोलीच्या पावत्याही कामाला येतात. महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातल्या करनिर्धारण विभागाकडे जुन्या नोंदी असतात. पूर्वी मालमत्ता कर भाड्याच्या आधारे ठरत असल्यामुळे त्या तपासणी नोंदींत खोलीवार भाडेकरूचे नाव आणि भाडे लिहिलेले असे. लोक त्याला ‘इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. रीतसर अर्ज करून त्याची प्रमाणित प्रत मिळवा. मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारायला लागल्यापासून या नोंदींकडे लोकांचे दुर्लक्ष झाले आहे, पण भाड्याच्या वादात त्यांचे वजन फार मोठे आहे. मागचे कागद मिळायला वेळ लागतो, म्हणून नोटिशीची वाट न पाहता आजच अर्ज टाका.

रेशनकार्ड आणि वीजबिल यांनी तुम्ही तिथे राहता हे दिसते. भाडे किती होते, ते त्यातून दिसत नाही.

घरमालक भाडे घेतो, पण पावती देत नाही.

पावती देणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि न दिल्यास दंडाची तरतूद आहे. यापुढे रोख देणे बंद करा. धनादेशाने किंवा बँकेतून पाठवा आणि कोणत्या महिन्याचे भाडे आहे ते प्रत्येक वेळी लिहा. रोख दिलेल्या भाड्याचा साक्षीदार म्हणून शेजारच्या काकांना उभे करावे लागले, तर काका भल्या मनाने येतील, पण तारीख विचारल्यावर गोंधळतील.

वडील वारले. भाडेपावती माझ्या नावावर करायला घरमालक लाखो रुपये मागतो. द्यायचे का?

जादा आकारणीचा हा सगळ्यात मोठा प्रकार मला वाटतो, कारण मागणी घरात दुःख असताना होते. चौदा दिवस सरले की घरमालकाचा मेहता, म्हणजे भाडे गोळा करणारा कारकून, येतो आणि सांगतो, आता नवी पागडी.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. भाडेकरू आपला हक्क तिसऱ्या माणसाला विकतो तेव्हा घरमालकाची संमती लागते आणि त्या संमतीबद्दल त्याने पैसे घेणे १९९९ च्या कायद्याने वैध केले आहे. त्याआधी पागडी घेणे हा गुन्हा होता, तरी मुंबईत सर्रास चालत असे. पण बाप गेल्यावर मुलगा, मुलगी किंवा बायको त्याच घरात राहते, तेव्हा कोणी काही विकत नसते. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस कायद्यानेच भाडेकरू ठरतो. तसा कोणी नसेल तर वारसांपैकी कोण, हे आपसात ठरते किंवा कोर्ट ठरवते. घरमालकाला संमतीचे पैसे मागण्याचा इथे प्रश्नच येत नाही.

मृत्यूचा दाखला, त्या पत्त्यावरचे तुमचे आधार किंवा रेशनकार्ड आणि बाकीच्या कुटुंबीयांची ना हरकत जोडून घरमालकाला पत्र पाठवा. वडिलांच्या नावाची पावती मिळत असेल तर तीही घ्या, भाडे चालू ठेवा. मालक अडूनच बसला, तर आपण भाडेकरू आहोत असे जाहीर करून घेण्यासाठी लघुवाद न्यायालयात दावा करता येतो. त्याला तिथे ‘आर. ए. डी. दावा’ म्हणतात.

भावंडांपैकी कोणाचे नाव लावायचे, यावर घरातच एकमत नसेल तर ते आधी करा. घरातली फूट कळली की मागणीचा आकडा वाढतो.

तक्रार करायची कुठे? भाडे नियंत्रकाचे कार्यालय कुठे आहे?

प्रमाण भाडे ठरवून देणारे तसे सरकारी कार्यालय मुंबईत नाही. महापालिका, म्हाडा, जिल्हाधिकारी यांच्याकडे भाड्याबद्दल तक्रार करून वर्षे घालवलेली माणसे मला माहीत आहेत. प्रत्येक ठिकाणी अर्ज घेतात, पोच देतात, आणि तो आमच्या अधिकारात नाही असे उत्तर काही महिन्यांनी येते.

भाडेकरू आणि घरमालकाच्या वादाचा अधिकार बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयाला आहे. लोक त्याला स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात. मुख्य इमारत धोबीतलावला लोकमान्य टिळक मार्गावर आहे आणि उपनगरांसाठी वांद्र्याला शाखा आहे. प्रमाण भाडे ठरवून घेण्याच्या अर्जाला तिथे ‘आर. ए. एन. अर्ज’ म्हणतात. घरमालकाने खोली खाली करून मागण्यासाठी केलेला दावा तो ‘आर. ए. ई.’. नोटीस बोर्डावर आपला क्रमांक शोधताना ही अक्षरे माहीत असली की निम्मी धावपळ वाचते.

अर्ज केल्यावर काय होते?

घरमालकाला समन्स निघते, तो आपले म्हणणे मांडतो, पुरावे होतात. वेळ लागतो. पण मधल्या काळात तुम्ही अधांतरी राहू नये अशी सोय कायद्यात आहे. थकबाकीची नोटीस आल्यावर भाडेकरूने असा अर्ज केला, तर अंतिम निकालापर्यंत किती भाडे भरायचे ते अंतरिम भाडे कोर्ट ठरवून देते. ते ठरल्याप्रमाणे आणि ठरल्या तारखेला भरायचे. आकडा तुम्हाला जास्त वाटला तरी भरायचा.

जादा मागणीचा वाद चालू आहे. तोपर्यंत भाडे थांबवले तर चालेल का?

नाही. एवढ्या मोठ्या पानावरचे दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, हे राहू द्या.

कायद्याने भाडेकरूला दिलेले संरक्षण एका अटीवर उभे आहे. तो प्रमाण भाडे आणि कायदेशीर वाढ देत असला पाहिजे, किंवा द्यायला तयार आणि राजी असला पाहिजे. तयारी मनात असून भागत नाही, ती कागदावर दिसावी लागते. घरमालक ९०० मागतो आणि तुमच्या हिशेबाने ३३६ होतात, तर ३३६ दर महिन्याला गेलेच पाहिजेत. सोबत दोन ओळींचे पत्र: ही रक्कम अमुक महिन्याचे कायदेशीर भाडे आहे, बाकीची मागणी मान्य नाही, आमचे सर्व हक्क राखून पाठवत आहोत.

आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. एका वर्षी घरमालकाने भाडे घेणे बंद केले. मेहता दारात यायचा, पावतीपुस्तक न उघडताच परत जायचा, आणि वडिलांना सांगायचा की मालक वाढीव भाड्याशिवाय घेणार नाहीत. वडील मिलमधून निवृत्त झालेले, कोर्टाची धास्ती घेतलेले. त्यांनी एकच केले. तो ज्या दिवशी परत गेला ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिली आणि त्याच आठवड्यात भाड्याची मनीऑर्डर केली. ती ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्यासह परत आली. पुढच्या महिन्यात पुन्हा केली, पुन्हा परत आली. दीड वर्षाने थकबाकीचा दावा दाखल झाला तेव्हा परत आलेले ते अठरा फॉर्म कोर्टापुढे ठेवता आले. शेजारच्या मजल्यावरचे एक कुटुंब त्याच काळात ‘घेतच नाही तर पाठवायचे कशाला’ म्हणून थांबले होते. त्यांची बाजू आमच्याइतकीच खरी होती, पण दाखवायला कागद नव्हता. त्या घरातल्या वहिनी पुढे खोली सोडून नालासोपाऱ्याला गेल्या. हे पान लिहायला घेतले ते त्यांच्यामुळे.

आज धनादेश स्पीड पोस्टाने पाठवता येतो, किंवा घरमालकाचे खाते माहीत असेल तर थेट बँकेतून. परत आलेले पाकीट फोडू नका. बंद पाकीट हाच पुरावा असतो.

थकबाकीची नोटीस आली आहे. किती दिवस आहेत?

लेखी मागणीची नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय घरमालकाला थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा करता येत नाही. हे ९० दिवस तुमचे आहेत. या काळात हिशेब करा, कायदेशीर होते तेवढी थकबाकी पूर्ण पाठवा, वकिलामार्फत उत्तर द्या आणि आकड्याचा खरा वाद असेल तर प्रमाण भाड्याचा अर्ज करा.

तरीही दावा झालाच, तर आणखी एक संधी असते. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढचे भाडे नियमित भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावरून खोली जात नाही. ही मुदत कोर्ट वाढवून देईल असे धरून चालू नका. समन्स घेणारा घरात कोण होता, तारीख कोणती, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. गावी गेलेल्या मुलाची वाट बघत समन्स पंधरा दिवस देव्हाऱ्यापाशी पडून राहिल्याचे मी पाहिले आहे.

गेली काही वर्षे जादा भाडे भरले. ते परत मिळेल का?

कायद्याला धरून नसलेली रक्कम भाड्यापोटी घेतली असेल, तर ती घरमालकाकडून वसूल करता येते आणि पुढच्या भाड्यातून वळतीही करून घेता येते. पण याला मुदत आहे आणि ती पैसे भरल्याच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या रकमेची मुदत वेगळी संपते. एकेक महिना उशीर केला की मागचा एकेक महिना हातातून जातो.

भाड्यातून वळती करण्याचा मार्ग कायद्यात असला तरी तो वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका, असे माझे मत आहे. तुमचा हिशेब चुकला तर वळती केलेली रक्कम थकबाकी म्हणून तुमच्यावरच उलटते. कोर्टाने प्रमाण भाडे ठरवून दिल्यावर वळती करणे सुरक्षित.

वाढीव भाड्याच्या कागदावर आधी सही केली होती, म्हणून हक्क गेला असे समजू नका. कायद्याने मनाई केलेली रक्कम दोघांच्या सहीने कायदेशीर होत नाही.

भांडण सुरू झाल्यावर मालकाने पाणी तोडले, जिन्यातले दिवे काढले.

अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडायला किंवा अडवायला कायद्याची मनाई आहे. पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट, सफाई हे सगळे त्यात येते. लघुवाद न्यायालयात अर्ज करा. चौकशी पूर्ण होण्याआधीही सेवा पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश कोर्ट देऊ शकते. अर्जाबरोबर कोरडा नळ, कापलेली वायर यांचे फोटो आणि दोन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडा. भाडे चालू असल्याच्या पावत्याही जोडा, कारण मालकाचे पहिले उत्तर ‘हे भाडेच देत नाहीत’ हेच असते.

छत गळते. दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापता येतो का?

घर राहण्यालायक ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च कापू शकतो. पण एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू नये. महिना ३०० रुपये भाडे असेल तर वर्षाचे ३,६०० आणि कापता येतील ९०० रुपये. तेवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही सुटत नाही. म्हणून उपकरप्राप्त इमारतीत मोठ्या दुरुस्तीसाठी म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे सगळ्यांनी मिळून जाणे बरे. घरमालकाचीही इथे एक खरी अडचण आहे. तीनशे रुपयांच्या भाड्यातून शंभर वर्षांची इमारत सांभाळता येत नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्याचे उत्तर बेकायदा आकारणी हे नव्हे.

लघुवाद न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला. अपील कुठे आणि किती दिवसांत?

त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे, ३० दिवसांत. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वगळले जातात, पण त्यासाठी नकलेचा अर्ज मुदतीत केलेला असावा लागतो. आमचा नियम साधा आहे: ज्या दिवशी निकाल, त्याच दिवशी नकलेचा अर्ज, अपील करायचे की नाही हे ठरण्याच्याही आधी.

खंडपीठाच्या निकालावर पुन्हा अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षणासाठी जाता येते, पण तिथे साक्षीपुरावे नव्याने तोलले जातील ही अपेक्षा ठेवू नका. पाहिले जाते ते खालच्या कोर्टाने अधिकाराबाहेर जाऊन किंवा कायदा गुंडाळून ठेवून निकाल दिला का एवढेच. अपिलातही नवीन कागद सहजासहजी दाखल करू देत नाहीत. ‘आता पावत्या सापडल्या’ असे सांगायचे तर आधी का दिल्या नाहीत, याचे पटणारे कारण लागते. सगळी ताकद पहिल्या कोर्टात लावायची ती यासाठी.

अपील केले की खोली खाली करणे आपोआप थांबते का?

थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. आणि स्थगिती मिळाली तरी तिच्यासोबत अट येऊ शकते. आत्माराम प्रॉपर्टीजच्या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताब्याचा हुकूमनामा झाल्यानंतर अपीलकाळात जागा वापरायची असेल, तर कोर्ट वाजवी भरपाई भरण्याची अट घालू शकते, आणि ती जुन्या भाड्याएवढीच असली पाहिजे असे नाही. म्हणजे ३३६ रुपयांच्या खोलीसाठी त्या भागातल्या बाजारभावाकडे पाहून महिन्याला काही हजार भरायची वेळ येऊ शकते. गिरगावात किंवा दादरला तो आकडा किती मोठा होईल, हे सांगायला नको. स्थगितीच्या अर्जात घरची मिळकत, खोलीचा आकार, इमारतीची अवस्था, सामायिक संडास हे सगळे स्पष्ट लिहा, म्हणजे भरपाई ठरवताना ते कोर्टापुढे राहील.

मी पागडीवर नाही, लिव्ह अँड लायसन्सवर आहे. मला प्रमाण भाडे मागता येईल का?

नाही. तुमच्या करारात ठरलेली रक्कम तीच द्यावी लागते. तुमच्यासाठी कायद्याची वेगळी वाट आहे आणि प्रशासकीय दाद म्हणतात ती इथे लागते. करार संपूनही जागा सोडली नाही, तर मालक कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे शासनाने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरले जाते. मुदत संपल्यावर राहिल्याबद्दल ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम द्यावी लागते.

त्या आदेशावर अपील नाही. शासन किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी, जो महसूल विभागाच्या अपर आयुक्ताच्या दर्जाखालचा नसतो, आदेश कायद्याला धरून आहे का हे तपासू शकतो. त्यासाठी आदेशापासून ९० दिवसांची मर्यादा आहे. तिथे ‘मला दुसरे घर मिळत नाही’ हे सांगून उपयोग नसतो. समन्स मिळाले नव्हते, करार नोंदवलेलाच नव्हता, बचावाची परवानगी चुकीने नाकारली, असे मुद्दे लागतात.

करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल तुमचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

आमचे दुकान आहे. हेच नियम?

व्यापार, गोदाम, शिक्षण यांसाठी दिलेल्या जागांनाही हा कायदा लागतो. मात्र बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर संरक्षण नाही.

वकिलाचा खर्च परवडत नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना मिळकत कितीही असली तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. भाडेपावती आईच्या नावावर असेल तर अर्ज आईच्याच नावाने होतो, आणि पुष्कळ घरांत हे कोणाच्या लक्षातच येत नाही. साक्ष मराठीत देता येते. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका.

सगळ्या चाळीने मिळून एकच अर्ज केला तर?

प्रत्येक खोलीचे भाडे वेगळे, पावती वेगळी, थकबाकी वेगळी, त्यामुळे अर्जही ज्याचा त्याचा असावा. एकत्र करायच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. करनिर्धारण विभागातून संपूर्ण इमारतीच्या नोंदी एकदाच काढा, खर्च वाटून घ्या. महापालिकेच्या कराच्या बिलाची प्रत मिळवून कोणत्या खोलीचा वाटा किती, याचा एक तक्ता बनवा. आमच्या समितीत एक शंभर पानी वही आहे. त्यात दर महिन्याला खोली क्रमांक, पाठवलेली रक्कम, कशाने पाठवली, तारीख आणि परत आले की स्वीकारले, हे लिहितो. दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी पाच तारखेला दारोदार फिरते, आणि ज्याने अजून पाठवले नसेल त्याच्याकडे सात तारखेला पुन्हा जाते.